डावीकडची बासरी

केबल कशी निवडावी, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. मी आमच्या कार्यालयाच्या खरेदी विभागात आहे. फिनाइलच्या बाटलीपासून छताच्या पंख्यापर्यंत जे जे म्हणून त्या इमारतीत आलं, ते माझ्या हाताखालून गेलेलं आहे, आणि त्यातली एकही वस्तू मी घाईने घेतलेली नाही. काही वस्तू तर मी इतक्या विचारपूर्वक घेतल्या, की त्या येईपर्यंत मागणारे साहेब निवृत्त होऊन गेले. तरीही कुणी माझ्या खरेदीवर बोट ठेवू शकलेलं नाही. तेव्हा जे काही झालं, त्यात केबलच्या निवडीत चूक झाली असं कुणी म्हणत असेल, तर ते मी आधीच खोडून काढतो. केबल उत्तम आहे. आजही उत्तम आहे.

झालं ते असं. सासूबाई गेल्यावर सासऱ्यांनी मोठं घर सोडलं आणि दोन खोल्यांचं घर घेतलं. तिथे त्यांच्या गाण्याच्या सेटला जागा नव्हती. सेट म्हणजे एक रेकॉर्ड प्लेअर, आवाज मोठा करणारा एक अँप्लिफायर आणि दोन शिसवी रंगाचे स्पीकर, प्रत्येक साधारण गुडघ्याएवढा. सासऱ्यांना मुली दोन, म्हणजे जावई दोन. मी धाकटा. थोरले म्हणजे माझे साडू. त्यांच्याकडे गाणी ऐकण्याची स्वतंत्र खोली आहे आणि त्या खोलीत एक खुर्ची आहे, जिच्यात दुसऱ्या कुणी बसलेलं त्यांना चालत नाही. अशा माणसाशी स्पर्धा करणं माझ्या स्वभावात नाही. मी फक्त त्यांच्यापेक्षा सरस आहे एवढंच.

सासऱ्यांनी निवाडा दिला होता. "सध्या सेट धाकट्यांकडे ठेवा. हवापालट करून आलो की मी येऊन ऐकतो. नीट वाजत असेल तर तिथेच राहील, नाहीतर थोरल्यांकडे."

आता हिच्याबद्दल एक सांगितलं पाहिजे. ही कधी काही मागत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अमुक एक हवंच असं तिच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. काही विचारलं की "चालेल" म्हणते. पण सेट घरात आला, त्या संध्याकाळी तिने त्या अँप्लिफायरच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हा आपल्याकडेच राहू दे हं." बस, एवढंच. मी "त्यात काय आहे?" म्हणालो. माझ्या आयुष्यातले बहुतेक घोटाळे या तीन शब्दांनी सुरू झालेले आहेत, पण मी ते म्हणायचं सोडलेलं नाही.

सामान हलवणाऱ्यांनी सगळ्या वायरी एका पिशवीत भरल्या होत्या आणि ती पिशवी कुठेतरी राहून गेली होती. म्हणजे सेट होता, पण जोडायला काही नव्हतं. मी सासऱ्यांना फोन करून विचारलं, तर म्हणाले, "वायर ती वायर. कुठलीही लावा." जुन्या पिढीचा हा निष्काळजीपणा मला पसंत नाही.

आधी मी सेट स्वच्छ केला. मागून पुढून, फटीफटीतून, जुना टूथब्रश घेऊन. अँप्लिफायरच्या तोंडावर चार बटणं होती, गोल फिरवायची, आणि त्यांच्याखालची अक्षरं पुसून गेलेली होती. एक बटण डावीकडे बघत होतं, एक उजवीकडे, एक भलतंच तिरकं. मला वस्तू तिरक्या दिसल्या की चैन पडत नाही. दुसऱ्यांच्या घरी गेलो तरी मी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करतो. आवाजाचं बटण तेवढं सोडून बाकीची सगळी मी एका रेषेत, ताठ, बारा वाजल्यासारखी उभी केली. अँप्लिफायर एकदम कामाला लागलेल्या माणसासारखा दिसू लागला.

स्पीकरही तपासून घेतले. डावा उजव्यापेक्षा चांगलाच जड होता. मागे वायर जोडायचे पितळी स्क्रू दोन्हीकडे होते, पण डाव्याचे अजून नव्यासारखे चमकत होते. वजन म्हणजे दर्जा, हे मी खरेदी विभागात शिकलो आहे. हिला म्हणालो, "बाबांनी डावा फार जपून वापरलेला दिसतोय."

कोपऱ्यावरच्या विजेच्या दुकानातून साधी वायर आणली, जोडली आणि हिने सासूबाईंची आवडती रेकॉर्ड लावली. गाणं सुरू झालं. बाईंचा आवाज आला, मागची वाद्यं आली. मी हातावर हात चोळत सोफ्यावर बसलो. ही मात्र उभीच राहिली, मान किंचित कलती करून.

"यात बासरी होती," ही म्हणाली.

"कुठे?"

"पहिलं कडवं संपलं की. आई स्वयंपाक करता करता त्या बासरीपाशी थांबायची. हातातलं तसंच ठेवून."

कडवं संपलं. बाई थांबल्या, मागे काहीतरी टिकटिक करत राहिलं आणि मग बाई पुन्हा गाऊ लागल्या. मधे बासरी नव्हती. मी उठून उजव्या स्पीकरला कान लावला, तिथे गाणं होतं. डाव्याला कान लावला, तर तिथे शुकशुकाट.

निदान करायला मला वेळ लागत नाही. मी म्हणालो, "केबल."

हिने सुचवलं, "याची वायर त्याला लावून बघा ना. म्हणजे कळेल काय बिघडलंय ते."

मी तिला समजावून सांगितलं, की डाव्याची वायर उजव्याला लावणं म्हणजे डाव्या पायाचा बूट उजव्या पायात घालणं. चालता येतं, पण शोभत नाही. ती "बरं" म्हणाली आणि आत गेली. अडाणी सूचना करणाऱ्यांना माझं उत्तर नेहमी सौम्य असतं.

आमच्या इमारतीचे सेक्रेटरी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आहेत, आणि तारेतून जे जे वाहतं त्यावर आपला जन्मसिद्ध हक्क आहे असं ते मानतात. मी जिन्यात वायरचं भेंडोळं घेऊन उभा दिसलो आणि ते थांबले. "आवाज म्हणजे पाणी," ते म्हणाले, "आणि वायर म्हणजे नळ. नळ बारीक असला तर पाणी वरच्या मजल्यावर चढेल का? उजवा जवळ आहे, त्याला मिळतंय. डावा लांब आहे."

"दोन्ही सारख्याच अंतरावर आहेत," मी म्हणालो.

"दिसायला," ते म्हणाले. या एका शब्दावर त्यांनी खात्यात पस्तीस वर्षं काढली असावीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून एक तार काढून आणली. ती तार रस्त्याखालून एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्यासाठी बनवलेली होती. तिला वाकवायला आम्ही दोघे लागलो, आणि वाकवल्यावर ती पुन्हा सरळ झाली ती सेक्रेटरींचा चष्मा घेऊनच. स्क्रूच्या आसपासही ती जाईना. शेवटी ते म्हणाले, की दोष तारेत नसून स्क्रूत आहे. मला हा विचार पटला नाही, पण त्यांच्या चष्म्याकडे बघून मी गप्प बसलो. ती तार अजून आमच्या बाल्कनीत आहे, आम्ही तिच्यावर टॉवेल वाळत घालतो.

समोरच्या दारात दंतवैद्य राहतात. त्यांना तारेतलं काही कळत नाही हे ते स्वतःच कबूल करतात, पण कबूल करून झालं की बोलतात. ते म्हणाले, "तांब्याला हवा लागली की वरून थर धरतो. आपण त्याला कीड म्हणतो. तुमच्या डाव्या बाजूला कीड आहे. सोन्याचा मुलामा असलेली टोकं घ्या. तोंडात असो की भिंतीत, सोन्याला पर्याय नाही." बोलता बोलता ते माझ्या दाढांकडे बघत होते, म्हणून मी बेतानेच बोललो.

आता हा प्रश्न शास्त्रोक्त पद्धतीने सोडवणं भाग होतं. मी तीन दुकानांतून दरपत्रकं मागवली. गाण्याच्या दुकानदारांना ही पद्धत ठाऊक नसते हे मला तेव्हा कळलं. पहिल्याने विचारलं, "किती किलोमीटर हवी?" मी म्हणालो, "चार मीटर." त्याने फोन ठेवला. दुसऱ्याने बंद पाकिटात दर पाठवायला साफ नकार दिला. तिसऱ्याने मात्र अदबीने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही स्वतः या. तुमच्यासारखं गिऱ्हाईक रोज येत नाही." या वाक्याचा दुसरा अर्थ मला बऱ्याच दिवसांनी लागला.

ते दुकान म्हणजे एक थंडगार दालन होतं. केबली काचेच्या कपाटात ठेवलेल्या होत्या आणि तिथे लोक हळू आवाजात बोलत होते. विक्रेता काळा शर्ट घालून हाताची घडी घालून उभा होता. मी त्याला लक्षणं सांगितली. बासरी म्हटल्यावर त्याने डोळे मिटले. "वरचे सूर," तो म्हणाला. "साध्या वायरीत वरचे सूर वाटेत सांडतात." मग त्याने एक केबल काढली. तिच्यावर बारीक बाण छापलेले होते, कारण आवाज त्याच दिशेने जायला हवा. मी विचारलं, "उलटी लावली तर?" तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. तो प्रश्न विचारल्याची मला लाज वाटली आणि मी ती केबल घेतली.

घरी येऊन बाण बघून जोडली. उजवीकडे गाणं, डावीकडे शुकशुकाट. बासरी नाही.

दुसऱ्या दिवशी मी परतीच्या खिडकीवर गेलो. विकायची जागा आणि परत घ्यायची जागा यांत दुकानदार मुद्दामच एक जिना ठेवतात. खिडकीत एक कारकून होता. कारकून समोर आला की मला घरच्यासारखं वाटतं.

"दोष काय?" त्याने विचारलं.

"आवाज येत नाही."

"केबलला आवाज नसतोच."

"पलीकडे जोडल्यावर येत नाही."

"मग पलीकडचं आणा."

"केबलच सदोष आहे," मी ठामपणे म्हणालो.

"पाकीट फोडलंय," तो म्हणाला. "फोडलेलं पाकीट परत घेत नाही."

"पाकीट न फोडता दोष कसा कळणार?"

त्याने या प्रश्नावर खरोखर विचार केला. मग म्हणाला, "न फोडलेल्या पाकिटाबद्दल अजून कुणाची तक्रार आलेली नाही." मनातल्या मनात मी त्याला दाद दिली. असा माणूस आमच्या खात्यात हवा होता. शेवटी त्याने नियम काढला, की परत घेता येत नाही, पण वरच्या दर्जाची घेतली तर बदलून मिळते. मी वरच्या दर्जाची घेतली. तीही बोलेना, म्हणून तिच्या वरच्या दर्जाची. असा मी पायरी पायरीने वर चढत गेलो आणि एके दिवशी कळलं की याच्या वर आता पायरी नाही.

ती शेवटची केबल मखमलीच्या अस्तराच्या पेटीत आली. अंगठ्याएवढी जाड, विणलेल्या कापडात गुंडाळलेली, टोकांना सोनं. तिची किंमत मी कुणाला सांगितलेली नाही आणि इथेही सांगणार नाही. ती पेटी उघडल्यावर हिने एवढंच विचारलं, "यात बासरी वेगळी ठेवलीय का?" काळ्या शर्टवाल्याने बजावलं होतं, की केबल लगेच बोलत नाही, मुरावी लागते, सतत वाजवत ठेवावी लागते. तेव्हा आम्ही तेच गाणं सकाळपासून लावून ठेवू लागलो. खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली, आणि सेक्रेटरी पदसिद्ध अधिकाराने दारात उभे राहिले.

"तेच तेच गाणं वाजतंय अशी तक्रार आहे," ते म्हणाले.

"केबल मुरते आहे," मी म्हणालो आणि त्यांना ती दाखवली.

पद बाजूला ठेवून ते सोफ्यावर बसले. कडवं संपलं. त्यांनी बोट वर केलं. "आली," ते कुजबुजले. "डावीकडून. अगदी बारीक."

मी कान दिला. मी खोटं बोलत नाही, मला ऐकू आली. आता मागे वळून सांगतो, की केबलवर तेवढं दिल्यानंतर बासरी ऐकू न येणं मला परवडण्यासारखंच नव्हतं. पण त्या क्षणी ती मला स्वच्छ ऐकू आली, डाव्या स्पीकरच्या जाळीतून, थोडी वरून. मग दंतवैद्य आले. त्यांनाही आली. ते म्हणाले, "सोनं ते सोनं." आम्ही तिघांनी कडवं पुन्हा पुन्हा लावून माना डोलावल्या. मोठी सुरेख संध्याकाळ गेली.

ही चहाचे कप उचलायला आली. मी म्हणालो, "ऐकलीस?"

"मला नाही येत ऐकू."

"नीट ऐक."

तिने कप खाली ठेवले आणि नीट ऐकलं. "नाही," ती म्हणाली. "तिथे काही नाहीये."

मी तिला म्हणालो, की दिवसभर कुकर आणि मिक्सर ऐकून तिचा कान जरा बोथट झाला असावा. सेक्रेटरी आणि दंतवैद्य छताकडे बघू लागले. ही कप घेऊन आत गेली. नंतर दोन दिवस "चालेल" म्हणत राहिली, पण त्या "चालेल"मधे काही चालत नव्हतं. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. बासरी मी तिच्यासाठीच शोधायला निघालो होतो, आणि सापडली तेव्हा हिला सोडून सगळ्यांना ऐकू येत होती. पण आता माघार कशी घ्यायची? तज्ज्ञांचं मत माझ्या बाजूने होतं.

रविवारी सासरे आले. साडूभाऊ आणि हिची ताई त्यांना घेऊन आले. सासरे काठी टेकत खुर्चीत बसले, सेटकडे बघून गालात हसले आणि म्हणाले, "पुसलाय छान." सेक्रेटरी आणि दंतवैद्य सहज म्हणून आले होते. मी त्यांना सहज यायला सांगून ठेवलं होतं.

साडूभाऊ सेटच्या मागे जाऊन वाकले. खोड काढायला माणूस कसा वाकतो ते मला ओळखता येतं. पण केबल बघून ते तसेच राहिले. सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांच्या स्वतंत्र खोलीत त्याच कंपनीची केबल आहे, पण दोन पायऱ्या खालची. कितीतरी वर्षांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

"लावा," सासरे म्हणाले.

ही रेकॉर्ड लावायला पुढे झाली. गाणं सुरू झालं. कडवं संपलं, टिकटिक झाली, बाई पुन्हा गाऊ लागल्या.

सासऱ्यांनी हातानेच गाणं थांबवायला सांगितलं. "इथे एक बासरी आहे," ते म्हणाले. "कुणाकुणाला ऐकू आली?"

"आली की," सेक्रेटरी म्हणाले. दंतवैद्यांनी मान डोलावली. मी म्हणालो, "डावीकडून, बाबा. अगदी स्वच्छ."

साडूभाऊ काही वेळ डोळे मिटून राहिले. सगळ्यांना ऐकू आलेली गोष्ट आपल्याला आली नाही असं म्हणणं गाण्याची खोली असलेल्या माणसाला कसं जमणार? "येते आहे," ते म्हणाले. "खरं तर डावा उजव्यापेक्षा सरस आहे. फुंकेतला श्वाससुद्धा कळतोय. फक्त इथे भिंत फार जवळ आहे. माझ्या खोलीत त्या डाव्याला जास्त मोकळीक मिळेल." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे नव्हे, सासऱ्यांकडे बघितलं.

सासऱ्यांनी ताईला विचारलं. ती म्हणाली, "हे म्हणतात तर असेल."

मग हिला विचारलं. हिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग सेटकडे. तिच्या एका उत्तराने सेट गेला असता, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. मी डोळ्यांनी "हो म्हण" असं सांगत होतो.

"नाही बाबा," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून नाही आली. मी रोज ऐकलं. नाहीच येत."

सासऱ्यांनी काठी बाजूला ठेवली. "स्क्रू ड्रायव्हर आहे का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, की न उघडलेल्या वस्तूचं पाठीमागचं झाकण काढणं नियमात बसत नाही. स्क्रू ड्रायव्हर हिने आणून दिला. सासरे डाव्या स्पीकरच्या मागे मांडी घालून बसले आणि एकेक स्क्रू काढू लागले. त्यांनी फळी बाजूला केली आणि आत हात घालून एक गाठोडं बाहेर काढलं. मग दुसरं. फिकट जांभळ्या शालीच्या तुकड्यांत बांधलेल्या त्या दोन विटा होत्या. बाकी खोका रिकामा होता. माझ्या केबलची सोन्याची टोकं दोन पितळी स्क्रूंना जोडलेली होती आणि ते स्क्रू लाकडात ठोकलेले होते, बस.

सगळ्यांत आधी साडूभाऊ सावरले. "काही कंपन्या वजनासाठी घालतात," ते म्हणाले.

"कंपनी नव्हे, सुतार," सासरे म्हणाले. "आम्ही एकच स्पीकर आणला होता. दुसरा पुढच्या वर्षी घेऊ म्हटलं. पण तुमच्या सासूबाईंना एकटा स्पीकर बघवेना. म्हणाली, एकुलता दिसतो. म्हणून सुताराकडून जोडीदार करून घेतला, हुबेहूब. हलका लागू नये म्हणून विटा तिनेच घातल्या, वाजू नयेत म्हणून स्वतःची शाल फाडून बांधल्या. पुढच्या वर्षीही दुसरा घेतला नाही. मग कधीच घेतला नाही. जो पाहुणा येई तो डाव्याचं कौतुक करी. पाहुणे गेले की ती इतकी हसायची, की तिला पाणी द्यावं लागायचं. या वेळी मी तुम्हाला सांगणार होतो, पण फोनवर तुम्ही केबलबद्दल इतकं गंभीर बोलत होतात, म्हटलं, तिला आवडलं असतं, बघू या."

सेक्रेटरींना खालच्या मजल्याचं काहीतरी काम आठवलं. दंतवैद्यांनाही आठवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आमची उघडली होती आणि आत दोन विटा होत्या. मी केबलकडे बघत राहिलो. एक गोष्ट मात्र मला तेव्हाही स्पष्ट होती: केबलमधे दोष नव्हता.

ही शालीचा तुकडा उलगडून बसली होती. "आईची," म्हणाली आणि तो तोंडाशी धरून हसू लागली. हसताना तिचे डोळे वाहत होते आणि ते पुसायची तिला शुद्ध नव्हती. तिला पाणी द्यावं लागलं.

"पण मग बासरी कुठे गेली, बाबा?" तिने विचारलं. "तेव्हा तर यायची. एकाच स्पीकरमधून यायची."

सासरे उठून अँप्लिफायरपाशी गेले, वाकले आणि बटणांची ती ताठ रांग बघून थबकले. "हे कुणी केलं?"

"मी," मी म्हणालो. "तिरकी होती."

"यातलं हे तिसरं तिरकंच असायला हवं. तसं ठेवलं तर दोन्ही बाजूंचं गाणं एकत्र होऊन एकाच स्पीकरला जातं. सरळ केलं की निम्मं डावीकडे जातं." ते माझ्याकडे वळले. "म्हणजे इतके दिवस निम्मं गाणं तुम्ही विटांना ऐकवलंत."

त्यांनी बटण फिरवलं, अगदी मूळच्या भलत्या तिरकेपणावर आणलं, आणि हिने सुई ठेवली. बाई गायल्या. कडवं संपलं. आणि उजव्या स्पीकरमधून, साध्या वायरवरही आली असती अशी, बासरी आली. मोठी नव्हती. कुणीतरी आतल्या खोलीतून हाक मारावी आणि आपण हातातलं ठेवून उभं राहावं, तशी होती. ही उभी राहिली. बासरी संपेपर्यंत तिने श्वास घेतला की नाही, मला ठाऊक नाही. ताईने येऊन तिचा हात धरला. मी आजपर्यंत जी ऐकली होती ती बासरी याच्यासारखी मुळीच नव्हती, हे मी कुणाला सांगितलं नाही.

"सेट इथेच राहील," सासरे म्हणाले.

साडूभाऊ म्हणाले, "पण बाबा, इथे तर विटांना..."

"तुम्हीही विटांचा श्वास ऐकलात," सासरे म्हणाले. "या घरात एकजण तरी आहे, जिला ऐकू आलं नाही तर नाही म्हणता येतं. मला तेवढं पुरे." साडूभाऊंनी मान खाली घातली. पुढे जिना उतरताना त्यांनी मला हळूच विचारलं, की पावती असेल तर ती केबल ते माझ्याकडून विकत घ्यायला तयार आहेत. मी नाही म्हणालो. ती डाव्याला लावलेली आहे आणि तशीच राहील. विटा पुन्हा शालीत बांधून आत ठेवल्या आहेत. कुणी पाहुणा आला की मी त्याला डावीकडे बसवतो, कान देऊन ऐकायला सांगतो आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघतो. आजवर एकानेही निराश केलेलं नाही.

त्या संध्याकाळी ते सगळे गेल्यावर हिने पुन्हा रेकॉर्ड लावली आणि सोफ्यावर माझ्या शेजारी येऊन डोळे मिटून बसली. मी म्हणालो, "तुझ्या कानाबद्दल मी जे बोललो ते चुकीचं होतं." ती म्हणाली, "चालेल." या वेळी ते खरोखर चालत होतं. बाई गात होत्या. माझ्या समोर अँप्लिफायर होता आणि त्यावर बटणं होती, सगळी सरळ, आणि मधेच ते एक तिरकं. मी दुसरीकडे बघायचा प्रयत्न केला. थोडंसंच तर होतं. मी आवाज न करता पुढे सरकलो आणि हात लांब केला.

"अहो," ही डोळे न उघडता म्हणाली, "हात."